कुलूपबंद घरांच्या पाच बादल्या

आमच्या गावच्या सरपंचानं वस्तीतल्या अकरा घरांना फसवलं. ती घरं ऊसतोडीला गेलेल्यांची होती, दारांना कुलपं होती, आणि त्यांच्या पत्र्यांसाठी ठेवलेला पांढरा रंग त्यानं आपल्या कोंबड्यांच्या शेडवर मारला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात आता या गोष्टीला भलतेच फाटे फुटले आहेत. कुणी म्हणतं गैरसमज झाला, कुणी म्हणतं रंगच कमी आला होता. गैरसमज झाला नाही आणि रंग कमी आला नाही. बादल्या मी स्वतः मोजून घेतल्या होत्या.

मोजणं हा माझा धंदाच आहे. मी ताडपत्री, हिरवी जाळी, सुतळी आणि नायलॉनचा दोर विकते. सिरसाळ्याच्या बाजारात बसते, तेलगावच्याही. सुरुवातीला एक गठ्ठा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायचे, आता माझा स्वतःचा टेम्पो आहे. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या खोपीसाठी ताडपत्र्या घ्यायला येतात तेव्हा मला जेवायला वेळ नसतो. बाजारातले व्यापारी एकमेकांना सांगतात, त्या बाईशी भाव करायला जाऊ नको, चहासुद्धा तुझ्याच खिशातून जाईल. मला ते ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. माझा राग लवकर चढतो हेही ते सांगतात, आणि तेही खरं आहे.

माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. आईचं कंबरडं गेलं तेव्हा तिच्या जागी कुणीतरी जायला हवं होतं. आम्ही दोघी बहिणी. अक्का गेली. मी दहावीपर्यंत शिकले ते तेवढ्यामुळे. पुढं तिचं लग्नही टोळीतच झालं, गावातल्याच मुलाशी, आणि तिचा कोयता कधी सुटला नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी ती आणि दाजी घराला कुलूप लावून जातात, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. परत येतात ते चौदा एप्रिलच्या जयंतीच्या तोंडावर. काहीही झालं तरी जयंतीला आमच्या वस्तीतलं माणूस वस्तीत असतं. कारखान्याचा पट्टा चालू असला, तोड संपलेली नसली तरी मुकादमाशी भांडून येतं. हे साऱ्या गावाला माहीत आहे. सरपंचालाही माहीत आहे, कारण दरवर्षी मिरवणुकीत पुढं उभं राहून तो फोटो काढून घेतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गावातले एक म्हातारे गृहस्थ फाट्यावर एस.टी.ची वाट बघता बघता बसल्या जागीच गेले. लोकांना वाटलं डुलकी लागली आहे. एस.टी. आली आणि गेली, ते उठले नाहीत. म्हणून पुढच्या वर्षी फाल्गुनातच उपकेंद्रातल्या सिस्टरनी शाळेच्या हॉलमध्ये बैठक लावली. यंदा उन्हाची लाट मोठी येणार आहे, आत्तापासून तयारी करू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या नीट समजावून सांगत होत्या. माणूस घामानं भिजलेला असेल तोवर बरा, घाम थांबला आणि अंग तापलं की घाबरायचं. माणूस बरळायला लागला तर त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर ओलं फडकं टाकायचं, वारा घालायचा, दवाखान्याची गाडी बोलवायची.

पुढच्या रांगेत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "उन्हाळा काय ह्याच साली आलाय का बाई? आमचा आजा भर वैशाखात नांगर धरायचा. त्याला कुणी मीठसाखरेच्या पुड्या पाजल्या न्हाईत."

लोक हसले. सिस्टरही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांच्या घरावर काय होतं? पत्रा की धाबं?"

"धाबं. हातभर मातीचं."

"आणि तुमच्या?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि तिनं वारा घेत बसला. त्या दिवसापासून सिस्टर मला आवडल्या. भाव कसा पाडायचा हे त्यांना कळत होतं.

तालुक्यावरून पत्र्याला मारायच्या पांढऱ्या रंगाच्या बादल्या येणार होत्या. हा रंग लावला की पत्रा तापत नाही, खोलीत बसता येतं. शाळेचा हॉल अकरा ते पाच उघडा ठेवायचा, तिथं पंखे आणि पाणी ठेवायचं. रोजगार हमीचं काम पहाटे सुरू करून दहाला बंद करायचं. आशाताईंनी घरोघरी जाऊन यादी करायची, म्हणजे कुठं म्हातारं माणूस आहे, कुठं बाळंतीण आहे, कुणाला बीपी आहे, आणि लाट आली की त्या यादीप्रमाणे दुपारी फेरी मारून एकेकाची चौकशी करायची. कागदावर सगळं चोख होतं.

बैठक संपल्यावर सरपंचानं मला थांबवून घेतलं. त्याला माझ्याकडून हिरवी जाळी हवी होती, हॉलच्या पडवीला आणि फाट्यावरच्या थांब्याला. तो म्हणाला, "ताई, गावाचं काम हाय. तुमी भाव जरा गावासारखा लावा."

मी म्हटलं, भाव लावतच नाही, जाळी फुकट घ्या. तो चमकला. माझी पद्धतच आहे ती. आधी समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, मग हात पुढं करायचा. मी माझ्या अटी सांगितल्या. हॉलची किल्ली आशाताईंकडे राहील, शिपायाकडे नाही. वस्तीतले पत्रे गावातल्या पत्र्यांबरोबरच रंगवले जातील, मागाहून नाही. आणि रांजण एकच.

रांजणावर तो अडला. त्याच्या मनात दोन रांजण होते, एक शाळेच्या दारात आणि एक आमच्या वस्तीच्या तोंडाशी. म्हणे तुमच्या लोकांना लांब पडू नये. वस्तीपासून शाळा किती लांब आहे ते मला ठाऊक आहे, मी ती दहा वर्षं चालले आहे. मी म्हटलं, सरपंच, तुमची सोय मला समजली, पण रांजण शाळेच्या दारात एकच राहील, ओगराळं एकच राहील आणि पाणी सगळ्यांनी आपल्या हातानं घ्यायचं. नाहीतर जाळी माझ्या टेम्पोत बरी आहे. तासभर चाललं आमचं. शेवटी तो म्हणाला, एक रांजण मान्य, पण मग बंद घरांचा रंग आत्ता मागू नका. माणसं नसलेल्या घरांवर रंग वाया कशाला घालवायचा? बादल्या बाजूला ठेवतो, टोळ्या आल्या की दुसऱ्या दिवशी पत्रे पांढरे.

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं की मी जिंकले. त्यानं रांजण दिला होता, आणि मी काय दिलं होतं, तर थोडी उशिराची मुदत. ग्रामसेवक शेजारी उभे होते, दोन सदस्य होते, सगळ्यांच्या समोर तो बोलला. मी एक मीटर जाळी कापताना दोनदा मोजते आणि गिऱ्हाइकाकडून बोलून घेते की माप बरोबर आहे. पण त्या दिवशी मी त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत, याचा विचार मी आजही टेम्पो चालवताना करते आणि वळण चुकते.

आशाताईंबरोबर यादी करायला मीच हिंडले. वस्तीत चौतीस घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. मागची सगळी ओळच टोळीवाल्यांची. आशाताई घराचा अनुक्रमांक टाकायच्या, पुढं 'कुलूप' लिहायच्या आणि पुढच्या घराकडे वळायच्या. म्हातारं कोण, आजारी कोण, गोळ्या कुणाच्या चालू, हे सगळे रकाने त्या अकरा घरांपुढं कोरे राहिले. अक्काच्या घरापुढंही तसंच झालं. अक्काला बीपीची गोळी चालू आहे आणि ती अर्धे दिवस घ्यायची विसरते, हे मला माहीत होतं. मी तिथंच उभी होते. सांगितलं नाही. माणूसच घरात नाही तर त्याची गोळी लिहायची कशाला, असं मलाही वाटलं. म्हणजे पाहा, ज्या गोष्टीसाठी मी आज सरपंचाच्या गळ्याला धरते, तिची सुरुवात करताना माझं बोट त्याच कागदावर होतं.

बादल्या आल्या. गावातले आणि वस्तीतले उघड्या घरांचे पत्रे तीन दिवसांत रंगवून झाले. एका बादलीत दोन खोल्या होतात. अकरा घरांच्या नावानं पाच बादल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवल्या. दहा घरं पुरती होतील आणि अकराव्याला तळातलं पुसून लावू, असा माझा हिशोब होता. झाकणांवर मी खडूनं खूण करून आले.

आणि काम खरंच चांगलं झालं होतं, ते मी नाकारत नाही. चैत्राच्या उन्हात हॉल भरायला लागला. म्हातारे पत्ते कुटायचे, बाया चिंचा फोडत बसायच्या. पहिले चार दिवस रांजणापाशी लोक घुटमळले. एक म्हातारी घरून तांब्या घेऊन यायची. पाचव्या दिवशी तांब्या रिकामा झाला आणि तिनं इकडं तिकडं बघून ओगराळं उचललं. मी पडवीत जाळीची दोरी ताणत होते, मुद्दाम मान वर केली नाही.

जयंतीच्या दोन दिवस आधी टोळ्या आल्या. पहाटे ट्रॅक्टर लागले, भांडी, कोंबड्या, लेकरं, चिपाडाचे भारे, सगळं एकावर एक. अक्का उतरली तेव्हा तिच्या तोंडावर काजळी होती आणि ती उभ्या उभ्या झोपत होती. टोळीतली माणसं सहा महिने रात्री दोन-तीनला उठतात. घरी आली की पहिले पंधरा दिवस ती नुसती झोप काढतात. सकाळी गोधड्या धुतात, घरातले उंदीर हुसकतात आणि जेवून दुपारभर दार लोटून घरात पडतात. कुणी उठवत नाही. परत आलेल्याची झोप मोडायची नाही, असा आमच्याकडं रिवाजच आहे. पाहुणा आला तर तोसुद्धा दारातून परत जातो.

अक्कानं पुढच्या ओळीतल्या शेजारणीचा पांढरा पत्रा बघितला आणि मला विचारलं, आमच्यावर कावून न्हाई? मी म्हटलं, ठेवलाय तुमचा बाजूला, उद्या मारतील. जयंती झाली. मी सरपंचाकडं गेले. तो म्हणाला उद्या. रंगवणारा माणूस लग्नाला गेलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीची किल्ली सापडत नव्हती. मग ग्रामसेवक रजेवर गेले. मी बाजाराच्या धावपळीत होते, उन्हामुळं जाळीला मागणी होती आणि माझ्या पायाला भिंगरी लागली होती. दर संध्याकाळी वस्तीत जाऊन मी अक्काला सांगायचे, उद्या. तिनं एकदाच टोमणा मारला, "तुझा उद्या आमच्या मुकादमासारखा झालाय बग."

मी तिला म्हटलं होतं, दुपारी हॉलमध्ये जा. ती गेलीही होती एकदा. तिथं तिला बसल्या बसल्या पेंग आली, मान पडली, तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांनी चेष्टा केली. परत गेली नाही. झोपायचं तर माणूस आपल्या घरात झोपतं, म्हणाली.

मग फोनवर लाल इशारा आला. त्या आठवड्यात वारा पडला होता. सकाळी नवालाच टेम्पोचं दार उघडताना हाताला फडकं गुंडाळावं लागायचं. सिरसाळ्याचा बाजार होता, पण अकरानंतर गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून मी लवकर आवरलं आणि गावाकडं निघाले. फाट्याच्या अलीकडं रस्ता जरा चढाचा आहे. तिथून डावीकडं शेतात सरपंचाचं कोंबड्यांचं शेड दिसतं. ते मी हजार वेळा पाहिलं आहे, गंजलेल्या पत्र्याचं. पण कित्येक दिवस मी तो चढ पहाटे आणि रात्री, अंधारातच ओलांडत होते. त्या दिवशी ते दुधासारखं पांढरं दिसलं. डोळ्यांवर तिरीप आली इतकं.

टेम्पो तसाच शेतात घातला. सरपंच शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. आत पंखे चालू होते, पाण्याचे फवारे चालू होते. भिंतीला टेकून बादल्या रिकाम्या पडल्या होत्या. एका झाकणावर माझी खडूची खूण अजून होती.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो शांत होता. तो नेहमी शांतच असतो, त्यामुळं आपणच वेडे दिसतो. तो म्हणाला, "ताई, मुकी जनावरं हायेत. दोन दिवसांत पाटी पाटी मरायला लागली. माणूस निदान उठून सावलीला तरी जातंय."

मी म्हटलं, ह्या बादल्या अकरा घरांच्या होत्या.

"बादल्या पडून पडून वाळल्या असत्या. त्या टायमाला घरात कोन होतं? नव्या मागवल्यात की मी."

"कदी येनार?"

"येतीलच."

इथून मी तशीच वळून वस्तीत जायला हवं होतं. मी गेले नाही. मी खुर्ची ओढली आणि बसले. मला माझा धंदा सुचला. मी म्हटलं, पाचाच्या पाच बादल्या उद्या सकाळी, स्वतःच्या खर्चानं, परळीहून. तो म्हणाला दोन. मी म्हटलं गावात बोंब मारते. तो म्हणाला मारा, पण दोनच, चुना मिसळला की पुरतात, इथंबी मिसळला की. मी जाळी काढून नेईन म्हटलं. तो तीनवर आला. मी उठून टेम्पोपर्यंत गेले, परत आले. त्यानं पाणी मागवलं. मी प्यायले नाही. पुन्हा बसले. शेवटी चार बादल्यांवर ठरलं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, पाचवी पण काढीन तुझ्याकडून. आमच्याच वस्तूचा मी तासभर भाव करत होते आणि एकच बादली सोडावी लागली याचा मला आनंद होत होता.

तिथून वस्तीत गेले ती अक्काला ही बातमी द्यायला. मागच्या ओळीत चिटपाखरू नव्हतं. दोरीवर धुतलेल्या गोधड्या वाळत होत्या, दार लोटलेलं होतं. माझा हात कडीवर गेला आणि थांबला. झोपलेली असेल, म्हटलं. झोप मोडायची नाही. मी दोन पावलं मागंसुद्धा फिरले. मग आतून आवाज आला. ती कुणाशीतरी बोलत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, दाजी सकाळीच परळीला गेलेले. ती म्हणत होती, मोळी उचल, गाडी चालली, मोळी उचल.

दार ढकललं तर आतली हवा तव्यावरून आल्यासारखी तोंडावर आली. अक्का जमिनीवर होती, डोळे उघडे होते, मी दिसत नव्हते. कपाळाला हात लावला. कोरडं होतं, घामाचा टिपूस नाही.

सिस्टर बैठकीत जे बोलल्या होत्या ते मला शब्दन् शब्द आठवलं. हेही मी लिहून ठेवते, कारण त्या बैठकीनंच माझी बहीण वाचवली. शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून तिला उचललं आणि शेजारच्या घरात नेलं. ते पुढच्या ओळीतलं, मध्ये फक्त एक बोळ आहे, आडवा हात केला तर दोन्ही भिंतींना लागेल एवढा. शेजारच्या घरात गेल्यावर अंगावर जो फरक पडला तो मी विसरणार नाही. तेही पत्र्याचंच, तेवढंच बुटकं, खिडकी तीच. पण पत्रा पांढरा. तिथं माणसाला श्वास घेता येत होता. दोरीवरच्या गोधड्या ओढून आणल्या, हौदात बुचकळल्या, तिच्या अंगावर टाकल्या. शेजारणीनं सुपानं वारा घातला. मी तिच्या तोंडात पाणी घालू दिलं नाही, त्यावरून शेजारणीच्या सासूनं मला शिव्या दिल्या. कुणीतरी थंडपेयाच्या दुकानातून बर्फाची लादी आणली. गाडीला फोन केला, पण वाट बघितली नाही. ओल्या गोधड्यांसकट तिला टेम्पोत जाळीच्या गठ्ठ्यांवर निजवलं आणि अंबाजोगाईला नेलं.

अकरा दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ अशी पडली होती? मी म्हटलं माहीत नाही. शेजारीण म्हणाली, बाराला तिनं आतून खोकल्याचा आवाज ऐकला होता. मी दोनला दार उघडलं. बारा आणि दोनच्या मध्ये माझा शेडवरचा तास आहे.

आशाताई भेटायला आल्या तेव्हा रडत होत्या. त्या दिवशी दुपारच्या फेरीला त्या वस्तीत आल्या होत्या, यादीतली सगळी घरं केली होती. मागच्या ओळीत वळल्याच नाहीत. यादीत तिथं अकराही घरांना कुलूप होतं. मी त्यांना नको ते बोलले. नंतर जाऊन माफी मागितली, पण बोललेलं परत येत नाही.

अक्का वाचली. जीभ जड झाली आहे, वाक्य सुरू करते आणि मध्येच शब्द हरवतो. भिंत धरून चालते. ऊन डोक्यावर आलं की तिला चक्कर येते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसऱ्याला मुकादम आला, त्यानं तिच्याकडं बघितलं आणि दाजींना म्हणाला, अर्ध्या कोयत्याला मी आगाऊ उचल देत न्हाई पावनं. दाजी आता माझ्याकडं गठ्ठे चढवायला असतात. मेहुणीच्या हाताखाली काम करायची त्यांना लाज वाटते, ते माझ्याकडं बघून बोलत नाहीत.

पावसाळा संपता संपता मला कळलं की तालुक्याला आमच्या गावाचा सत्कार झाला. उन्हाळ्याची तयारी सगळ्यात चांगली म्हणून. गावानं जो अहवाल पाठवला त्यात लिहिलं होतं, उष्माघाताचा एकही रुग्ण नाही. मी ग्रामसेवकांना विचारलं, माझी बहीण अकरा दिवस कुठं होती मग? ते म्हणाले, अहवाल यादीवरून करायचा असतो ताई, आणि यादीप्रमाणे ते घर बंद होतं. म्हणजे ज्या घराला रंग दिला नाही, ज्या घराची चौकशी केली नाही, त्या घरात घडलेलंसुद्धा धरलं नाही. ग्रामसभेत मी उभी राहिले तर सरपंच म्हणाला, आजच्या विषयात हे नाही, पुढच्या सभेला घेऊ. पुढच्या सभेला गणपूर्ती झाली नाही.

अक्काला मी शेडवरच्या तासाचं बरेच दिवस सांगितलं नव्हतं. एकदा संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती, तिचे केस विंचरता विंचरता सांगून टाकलं. चार बादल्यांचं सांगितलं, खुर्ची ओढून बसले ते सांगितलं. ती बराच वेळ शब्द गोळा करत होती. मग म्हणाली, "मंग जिकलीस का?"

मी म्हटलं न्हाई.

"बादल्या?"

"एकबी न्हाई आली."

ती हसली का काय ते मला कळलं नाही, कारण माझ्याकडं तिची पाठ होती. माझं जे काही उत्तर होतं ते मी तिला त्या ओट्यावर दिलं. बाकीचं उत्तर सरपंचानं द्यायचं आहे.

आता पुन्हा फाल्गुन आहे. आशाताई परवा वही घेऊन आल्या होत्या. वस्तीत आज नऊ घरांना कुलूप आहे. मी या वेळी त्यांच्याबरोबर गेले आणि एकेका कुलपापुढं उभं राहून आतल्या माणसांची नावं, वयं आणि दुखणी लिहून घ्यायला लावली, जी मला माहीत नव्हती ती टोळीवर फोन लावून विचारली. सरपंचानं निरोप पाठवला की यादीचा नमुना ठरलेला आहे, बंद घराचे रकाने भरायचे नसतात, आणि यंदा जाळी लागेल.

जाळी मिळेल. पण आधी ग्रामसभा लावा, आणि ती टोळ्या परत आल्यावर, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी लावा. कुलूप लागलेल्या घरातली सगळी माणसं समोर बसलेली असतील, माझी बहीण पहिल्या रांगेत असेल. तिच्या तोंडावर सांगा, सरपंच, की पाच बादल्या शेडवर न्यायला कुणी सांगितलं. ग्रामसेवकांनी सांगावं की एकही रुग्ण नाही हे कुणाला विचारून लिहिलं. तिला बोलायला वेळ लागतो, पण ऐकू सगळं येतं. तुम्ही उत्तर देईपर्यंत मी तिला तिथून उठू देणार नाही, आणि तुम्हालाही.